पाच फुटी चांदणी, अडीच फुटी बाल्कनी (भुसावळचा नाताळ)

रेल्वेवाली | १५ डिसेंबर, रात्री ११:२०

आधी अडचण सांगते, मग पाल्हाळ लावते.

आमच्याकडे नाताळची चांदणी घरी बनते. बांबूच्या कामट्या, सुतळी, वर पतंगी कागद, आत एक बल्ब. आजोबा लोको शेडमध्ये होते, त्यांनी ठरवलेल्या मापाचीच अजून बनते. टोकापासून टोकापर्यंत पाच फूट. क्वार्टरच्या पुढ्यात कडुनिंब होता, त्याच्या फांदीला टांगली की रस्त्याच्या वळणावरून दिसायची. पप्पा ३१ ऑगस्टला रिटायर झाले. त्यानंतर क्वार्टर चार महिने ठेवता येतं, म्हणजे हा नाताळही तिथेच झाला असता. पण पप्पांनी दिवाळी संपल्यासंपल्या किल्ली जमा केली. 'उगाच कुणी बोट दाखवायला नको.' (कोण दाखवणार होतं, देव जाणे.) आता आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बाल्कनी अडीच फूट रुंद, तिला जाळी. मी पुण्याहून काल आले, तर चांदणीचा सांगाडा हॉलमध्ये सोफ्यावर टेकून बसलेला. पाहुण्यासारखा.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. ताटं.

कॉलनीत अकरा घरांत आमचं नाताळचं ताट जायचं. करंजी, शेव, चकली, शंकरपाळे, नानकटाई, केकचे दोन तुकडे, वर आजीचा क्रोशाचा रुमाल. पण खरं सांगायचं तर ती परतफेड असायची. दिवाळीला त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं, नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे. ईदला तिसरीकडून. कुणी सुरुवात केली हे कुणालाच आठवत नाही. इथे आम्ही दिवाळीनंतर आलो. आलंच नाही तर परत काय करणार? मजल्यावर सहा दारं, दोन कायम बंद. बेल वाजवून म्हणायचं काय? 'नमस्कार, आम्ही ख्रिश्चन, हा घ्या चिवडा'?

मम्मी म्हणते, यंदा राहू दे. आजी काही म्हणत नाही, पण तिने अकरा घरांच्या हिशेबाने रवा आणून ठेवलाय.

सुचवा काहीतरी.

टवाळ | १५ डिसेंबर, रात्री ११:४१

चांदणी सोफ्यावरच राहू द्या. रिटायर माणसाला सोबत.

वसईची_सून | १६ डिसेंबर, सकाळी ८:०५

मस्त धागा! मला एक कळलं नाही, नाताळला शेव-चकली? आमच्या वसईत तळलेले फुगे, मांसाचं इंद्याल, आणि रात्री गावोगावचे येशूजन्माचे गोठे बघत फिरायचं. चिवडा आम्हीही करतो म्हणा, पण करंजीला मी दिवाळीची समजत होते. हे खानदेशातलं वेगळं आहे का?

रेल्वेवाली | १६ डिसेंबर, दुपारी १:१५

@वसईची_सून, वसईचा नाताळ कॅथलिकांचा, चारशे वर्षांचा. आम्ही प्रोटेस्टंट, नगरकडचे. पणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळला आले ते इथलेच झाले. नगरकडून येताना फराळच घेऊन आले असणार. पुण्यातल्या ऑफिसात मला दर वर्षी विचारतात, 'टर्की असते का गं तुमच्याकडे?' मी म्हणते शेव असते. चेहरे पडतात बिचाऱ्यांचे.

केक असतो, पण त्याचा मान फराळाच्या खालोखाल. आजीचा केक म्हणजे रवा, दही, तूप, साखर आणि संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवलेले मनुके. रम आमच्या घरात येत नाही, औषधालाही नाही. पूर्वी पितळी पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायचे आणि झाकणावर निखारे. वरचा निखारा जास्त झाला की केकला टक्कल पडायचं. आता ओव्हन आहे, पण आजीचा त्याच्यावर विश्वास नाही, ती दर दहा मिनिटांनी दार उघडून बघते. म्हणून तो बसतो. हे तिला सांगायची हिंमत घरात कुणाची नाही.

दोन केक होतात. एक अंड्याचा, एक बिनअंड्याचा. बिनअंड्याच्यावर एक बदाम लावायचा, म्हणजे ताटात गोंधळ नको. एका वर्षी माझ्या धाकट्या भावाने सगळे बदाम खाल्ले आणि दोन्ही केक ताटाबाहेर राहिले.

अमळनेरचा_भाचा | १६ डिसेंबर, दुपारी २:०२

ताई, भलतं मस्त लिखं शे. आम्हना अमयनेरले मन्ही मायनी एक मैतरीन व्हती, तिन्हा घरनी नाताळनी करंजी मले आजून याद शे. माले तं वाटस चांदनी गच्चीवर लई जा. गच्ची कोनी बापनी नही.

टवाळ | १६ डिसेंबर, दुपारी २:१०

गच्ची कुणाच्या बापाची नाही हे वाक्य सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलून दाखवा एकदा.

रेल्वेवाली | १६ डिसेंबर, दुपारी २:३०

@अमळनेरचा_भाचा, अहिराणी समजते, बोलायला गेले की सगळे हसतात. आमचं भुसावळ पडलं रेल्वेचं. कॉलनीत तमिळ, बंगाली, गोवन, यूपीवाले, आजूबाजूच्या गावांत लेवा बोली. अहिराणी ऐकायला जळगावच्या पुढे यावं लागतं. गच्चीचं सुचलं होतं, पण कुलूप आहे.

निवांत_काकू | १६ डिसेंबर, रात्री ९:४८

मुली, ताट घेऊन जाऊ नकोस. आधी काहीतरी मागायला जा.

मी लग्न होऊन चाळीसगावला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला वाटी देऊन शेजारी पाठवलं, विरजण मागायला. घरात विरजण होतं! मी म्हटलं, आपल्याकडे आहे की. त्या म्हणाल्या, 'असू दे.' नव्या माणसाने काही दिलं तर समोरच्याला ओझं होतं, आता याची फेड करायची कशी म्हणून. मागितलं की त्याला मोठेपणा मिळतो. दुसऱ्या दिवशी वाटी परत करायला जायचं, ती रिकामी नाही न्यायची. झालं की सुरू.

वसईची_सून | १६ डिसेंबर, रात्री १०:२०

काकू _/\_

यावलकर | १७ डिसेंबर, सकाळी ७:३०

रेल्वेवाली, डिसेंबरात भुसावळात आहात आणि अजून भरताचं नाव नाही? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय हो, केळीबरोबरच. नाताळच्या ताटात त्याला जागा आहे की नाही?

रेल्वेवाली | १७ डिसेंबर, रात्री ८:१२

@यावलकर, आहे तर! पंचवीसला दुपारी आमच्याकडे दोन स्वयंपाक. आत मटण, काळ्या मसाल्याचं, वर बोटभर तर्री. त्या मसाल्यासाठी खोबरं आणि कांदा मम्मी चुलीवर काळाकुट्ट भाजते, आणि घरभर धूर झाला की 'आता नाताळ आला' म्हणते. बाहेर अंगणात भरीत, कारण येणाऱ्यांतले निम्मे मटण न खाणारे. आपली ती लांबट, हिरवट-पांढरी वांगी, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची. साल हाताने सोलायची, पाण्याखाली धरणाऱ्याला आजी स्वयंपाकघरातून हाकलते. मग लाकडी भांड्यात हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायचं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, सढळ तेल. सोबत कळण्याची भाकरी. पाहुणे जास्त असले तर पुऱ्या.

यंदा अंगण नाही. कपाशीच्या काड्या तिसऱ्या मजल्यावर पेटवल्या तर अग्निशामक दल येईल. गॅसवर भाजलं तर ते भरीत नाही, वांग्याची चटणी. (हे माझं मत. भांडायला या.)

यावलकर | १७ डिसेंबर, रात्री ८:४०

भांडायला येत नाही, सहमत आहे. बाजारातून भाजलेली वांगी आणा, हंगामात काड्यांवर भाजून देणारे बसतात. कळणा कसा दळता? आमच्याकडे दोन भाग ज्वारी, एक भाग उडीद.

फुलेमार्केट | १८ डिसेंबर, सकाळी ११:०३

खाण्याचं झालं. कपड्यांचं कोण बोलणार? आमचं जळगावात कापडाचं दुकान आहे. दिवाळीनंतर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक छोटी लाट येते, ती तुमचीच. एकाच रंगाच्या पंधरा-वीस साड्या मागायला बायकांचा घोळका आला की आम्ही ओळखतो, चर्चचं महिला मंडळ.

रेल्वेवाली | १८ डिसेंबर, रात्री १०:५५

हाहा, त्या घोळक्यात माझी मम्मी पुढे असते! फुले मार्केटमध्ये सगळ्यांना एकच रंग मान्य होईपर्यंत दुपारची गाडी सुटते. यंदा मोरपंखी ठरलाय. मागच्या वर्षी आबोली होता, त्यावर अजून दोन बायका बोलत नाहीत एकमेकींशी.

आता खानदेशातल्या नाताळच्या कपड्यांचं खरं दुःख सांगते. स्वेटर.

मे महिन्यात इथे डांबर वितळतं म्हणून बाहेरच्यांना वाटतं आम्हाला थंडी ठाऊक नाही. डिसेंबराच्या शेवटी पहाटे पारा दहाच्या खाली जातो कधीकधी. वर्षभर पैसे साठवून घेतलेला ड्रेस, शिंप्याकडे चार खेपा घालून चोवीसच्या संध्याकाळी मिळालेला (तेवीसला कधीच मिळत नाही, आणि एक बाही नेहमी लांब असते), तो घालून रात्रीच्या उपासनेला निघालं की आजी दारात स्वेटर घेऊन उभी. खाकी-तपकिरी, पप्पांच्या रेल्वेच्या युनिफॉर्मचा सख्खा भाऊ. माझ्या लहानपणीचा नाताळचा एकूण एक फोटो बघा, नवा ड्रेस घोट्यापाशी चार बोटं दिसतो. बाकी स्वेटर.

यंदा मी युक्ती केलीय. आजीची जुनी जरीकाठाची साडी फाडून तिचा लांब कोट शिवायला टाकलाय, आत अस्तर. आजीला सांगितलेलं नाही. साडी तिनेच दिली होती, पण 'फाडायला' दिली होती असं नाही.

टवाळ | १८ डिसेंबर, रात्री ११:१०

चोवीसच्या रात्री धाग्यावर हजेरी लावा, जिवंत आहात एवढं कळवा.

निवांत_काकू | १९ डिसेंबर, सकाळी ६:५०

जरीकाठ कुठली, येवल्याची का? अगं विचारायचंस तरी.

पेटीवाले_सर | १९ डिसेंबर, दुपारी ४:२०

उशिरा आलो. संगीताबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. तुमच्या मंडळीत अजून भजन होतं का? मी हिंदू, पण नोकरीत असताना नगरला एका ख्रिस्ती मित्राबरोबर कित्येक नाताळ पेटी वाजवली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ ला ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ओवी-अभंग दिला. त्याआधी बहुतेक इंग्रजी चालीवर मराठी शब्द कोंबलेले असत, आघात भलत्याच अक्षरावर पडे. टिळकांनी कीर्तनंसुद्धा केली, टाळ-मृदंगासकट. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत. भैरवीतलं एखादं भजन रात्री अकराला, चर्चमध्ये, सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघतेय... ते मी विसरत नाही.

रेल्वेवाली | १९ डिसेंबर, रात्री ११:३०

सर, तुम्ही आमच्या घरातल्या भांडणावर बोट ठेवलंत.

आमच्याकडे कॅरल निघतं, वीस ते तेवीस. टेम्पो, जनरेटर, लायटिंग, एक नाताळबाबा (कापसाची दाढी, पायात स्लीपर). रात्री आठला निघतो, एकेका घरी दोन गाणी, चहा, चिवडा, प्रार्थना, पुढचं घर. शेवटचं घर होईतो दीड वाजतो आणि दहावा चहा होतो. पोरांकडे कीबोर्ड आहे, त्यात तयार ठेका असतो, बटण दाबलं की सुरू. धाकटा भाऊ त्याचा राजा. तो ठेका आणि भजन यांचं जमत नाही. भजन मध्येच थांबतं, श्वास घेतं, आजी एक ओळ तीनदा आळवते. कीबोर्ड थांबत नाही, तो पुढच्या कडव्यात जाऊन वाट बघतो.

काल सरावात आजीने टाळ खाली ठेवले आणि म्हणाली, 'हे यंत्र ऐकत नाही कुणाचं.' भाऊ म्हणाला, 'आजी, तू ठेक्यात गा ना.' पप्पांनी दोघांना चहा दिला. पप्पांचा सगळ्यावर हाच उपाय.

शेवटी असं ठरलंय की टेम्पोवर कीबोर्ड, आणि प्रत्येक घरात उंबऱ्याच्या आत गेलं की नुसती पेटी आणि टाळ. भाऊ आत ढोलकी घेणार. त्याला ती चांगली येते, पण कबूल करत नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी | २० डिसेंबर, सकाळी ९:१५

वाचतोय. नवापूर तालुक्यातला आहे. तुम्ही आमच्याकडचा नाताळ बघा एकदा. ढोल असतो, ठेक्याचं बटण नसतं.

रेल्वेवाली | २० डिसेंबर, दुपारी १२:४०

अहो, माझं आजोळ तिकडचंच! मम्मी नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी. दर वर्षी पंचवीस भुसावळला आणि सव्वीसला पहाटे गाडीत. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, चिंचपाडा, नवापूर. लहानपणी मी ही स्टेशनं येशूच्या बारा शिष्यांच्या आधी पाठ केली. सुरतेहून येणारी ही तापी खोऱ्याची लाइन १९०० साली सुरू झाली, हे पप्पा प्रत्येक प्रवासात अमळनेरच्या आसपास सांगतात. आणि नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, हे चिंचपाडा सुटलं की. आम्ही भावंडं मग बाकड्यावर बसून एक पाय इकडे, एक पाय तिकडे.

मिरचीवाली_नंदुरबार | २० डिसेंबर, दुपारी १:०५

आमचं स्टेशन आलं की शिंका येतात की नाही ते सांगा आधी. डिसेंबरात शहराबाहेर पथाऱ्यांवर मैलभर मिरची वाळत असते. नाताळचा लाल रंग बघायचा तर आमच्याकडे.

रेल्वेवाली | २० डिसेंबर, दुपारी १:२०

येतात तर! मम्मी दोंडाईच्यालाच पदर नाकाला लावते. मामा वर्षाची मिरची तिथूनच घेतो आणि मामी एवढं तिखट खाते की तिच्या हातचा गावरान कोंबडीचा रस्सा म्हणजे पप्पांची वार्षिक परीक्षा.

मामाकडचा नाताळ आमच्यासारखा अजिबात नाही. फराळ नाही, ताटं नाहीत. गावजेवण. दोनशे माणसांचा भात मोठ्या पातेल्यांत, तांदळाच्या नि नागलीच्या भाकरी, कोंबडी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा पाटीभर. चर्चसमोर मांडव, रंगीत कागदाच्या पताका. अंधार पडला की ढोल. बायका-पुरुष कंबरेत हात घालून गोल धरतात आणि मावचीत गातात, येशूच्या जन्माची गाणी, पण पाय तेच, जे त्यांच्या आज्या लग्नात टाकायच्या. माझ्या वयाच्या मुली गुजरातेतून आणलेले चमचमणारे ड्रेस घालतात. मामी लुगडं आणि वर फडकी, कोरी करकरीत, गळ्यात चांदी. मी पुण्याहून काहीही घालून गेले तरी मामीशेजारी फोटोत मोलकरीण दिसते.

कोंबडीवरून आठवलं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मी लहान होते, पण त्या वर्षीच्या नाताळला मामाच्या अंगणात एकही पक्षी नव्हता आणि गावजेवणाला डाळ होती, एवढं पक्कं आठवतं. मामी डाळ वाढताना कुणाकडे बघत नव्हती.

पेटीवाले_सर | २० डिसेंबर, रात्री ९:००

एका घरात टिळकांचं भजन आणि मावची ढोल! तुमच्या आईवडिलांचं लग्न लागताना वाजलं काय होतं?

रेल्वेवाली | २० डिसेंबर, रात्री ९:२५

बँड. खानदेशात दुसरं काय वाजणार, सर? दोन्ही बाजूंचे पाळक मांडवात वाट बघत बसले आणि वरात चौकातून हलेना.

रेल्वेवाली | २२ डिसेंबर, रात्री १०:१०

अपडेट.

काकूंचं ऐकून आज सकाळी वाटी घेऊन समोरच्या दारी गेले, विरजण मागायला. माझ्याच वयाची एक ताई होती. 'विरजण? आम्ही पिशवीचं दही आणतो.' शेजारच्या दारी तेच. तिसऱ्या दारात आजोबा होते, त्यांनी मला पिशवीच काढून दिली! आता घरात पाव किलो दही आहे आणि आजी विचारतेय, कढी करू का.

मग पप्पांनी डोकं चालवलं. गच्चीची किल्ली तळमजल्यावरच्या एका मावशींकडे असते, त्या वर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालतात म्हणून. त्यांच्याकडे मी आणि आजी किल्ली मागायला गेलो. मावशींनी आधी बराच वेळ 'गच्चीवर काय करणार?' विचारलं. आजीने हातवारे करून चांदणी सांगितली. मावशी म्हणाल्या, 'ती रेल्वे कॉलनीच्या वळणावर दिसायची ती? निंबाच्या झाडावर?'

त्या पंधरा वर्षं तिथून शाळेत शिकवायला जायच्या.

किल्ली मिळाली. मग दोघी जणी तासभर बिबड्यांवर बोलल्या, मी मोबाइलवर.

अमळनेरचा_भाचा | २२ डिसेंबर, रात्री १०:१५

सांगेल नव्हतं का मी? गच्ची!!

निवांत_काकू | २२ डिसेंबर, रात्री १०:४०

पिशवीचं दही. काय दिवस आले. असो, काम झालं.

बांबू_कारागीर | २३ डिसेंबर, सकाळी ८:००

पाच फुटी सांगाडा जिन्यातून वर कसा नेणार? वळणावर अडकेल. गाठी सोडा. चांदणी म्हणजे दोन सपाट चांदण्या, प्रत्येकी पाच कामट्या, टोकाला टोक बांधलेली. मधल्या पाच बेचक्यांत आडव्या कांड्या अडकवलेल्या असतात, त्याने पोट फुगतं. कांड्या काढल्या की ती चपटी होते. मग उभी धरून न्या. कागद वर नेऊनच चिकटवा, खळीने. गच्चीवर वारा असतो, टोकांना कागद ताणू नका, थोडा सैल.

रेल्वेवाली | २४ डिसेंबर, दुपारी ४:४५

@बांबू_कारागीर, तंतोतंत तसंच केलं! कांड्या काढल्यावर आतून आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने आकडे सापडले, १ ते ५. कुठली कुठे ते. पप्पा इतकी वर्षं अंदाजाने बसवत होते, म्हणून ती नेहमी डावीकडे कलायची.

चांदणी टाकीच्या खांबाला बांधली. वायर आमच्या बाल्कनीतून वर. बल्ब नऊ वॅटचा, पप्पांनी महिन्याचा हिशेब आधीच सांगितला.

ड्रेसची एक बाही लांब आहे. कोट अजून आला नाही.

टवाळ | २५ डिसेंबर, रात्री १२:३५

नाताळच्या शुभेच्छा मंडळी. रेल्वेवाली जिवंत आहे का?

रेल्वेवाली | २५ डिसेंबर, रात्री ११:५०

आहे. सगळ्यांना सलाम (आमच्यात नमस्काराला हेच म्हणतात).

कोट चोवीसला सात वाजता आला. मी घालून बाहेर आले. आजीने काठ ओळखला. उलटसुलट करून बघितला, अस्तर बघितलं, शिवण बघितली. म्हणाली, 'पदर काय केलास?' पदर मी ठेवलाय, तेवढं बरं केलं. मग ती आत गेली आणि स्वेटर घेऊन आली. कोटावर घातला. फोटोत यंदाही स्वेटरच आहे.

चर्चमध्ये शेवटून दुसरं भजन आजीने सांगितलं. भावाने कीबोर्डचं बटण बंद केलं आणि नुसत्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर तिच्यामागे गेला, ती थांबली की थांबला. बाहेर आल्यावर म्हणतो, बॅटरी संपली होती. प्लग लावलेला होता, मी बघितला होता.

ताटं : अकरा नाही, पाच गेली. तळमजल्याच्या मावशी, विरजणवाली तीन दारं (समोरच्या ताईने विचारलं, 'कढी झाली का?'), आणि जिन्यात भेटलेलं एक कुटुंब ज्यांच्या मुलाला चांदणी जवळून बघायची होती. जुन्या कॉलनीत पप्पा स्कूटरवर सहा पोहोचवून आले. म्हणजे झाली अकरा, आजीचा रवा बरोबर होता. बंद दारं बंदच आहेत, ते लोक म्हणे नाशिकला असतात. एका घरी 'आम्ही बाहेरचं खात नाही' म्हणाले, पण दार बंद करण्याआधी मम्मीला पाणी विचारलं. ठीक आहे.

भरीत बाजारातल्या भाजलेल्या वांग्यांचं केलं. @यावलकर, पास. धुराचा वास होता. अंगण नव्हतं, मग तळमजल्याच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकली.

पहाटेची गाडी आहे, झोपते.

वसईची_सून | २६ डिसेंबर, सकाळी ९:३०

पार्किंगमधलं भरीत! फोटो टाका हो.

रेल्वेवाली | २६ डिसेंबर, रात्री ९:१८

मामाच्या गावाहून. इथे एकाच दगडावर उभं राहिलं की रेंज येते, मागे ढोल सुरू झालाय म्हणून थोडक्यात लिहिते.

आम्ही इकडे आलो तर चांदणीचं काय, हा प्रश्न होता. फ्लॅटची किल्ली तळमजल्याच्या मावशींकडे दिली, त्या बटण लावणार. आत्ताच त्यांचा मेसेज आला : 'सातला लावली. अकराला बंद करते. तुमच्या कुंडीला पाणी घातलं.' पप्पांनी उत्तर दिलं, 'साडेदहाला केली तरी चालेल.'

आणि @यावलकर, तुमचं कळण्याचं माप आजीला वाचून दाखवलं. ती ढोलाच्या आवाजात ओरडून सांगतेय तेच लिहिते : दोनाला एक उडीद घातले तर भाकरी कडू लागते आणि थापताना चिकटते. चार वाट्या ज्वारी, एक वाटी अख्खे काळे उडीद, मीठ दळायला देतानाच घालायचं, खडे मीठ. आणि गिरणीत आपल्या आधी गहू कुणी दळला ते बघायचं.

मामी बोलावतेय, गोल धरलाय.

यावलकर | २६ डिसेंबर, रात्री ९:४०

आजींना सांगा, उद्याच चार-एक करून बघतो. गहू कुणी दळला ते मात्र गिरणीवाला सांगत नाही.